दीडला टक्क जाग, चारपर्यंत डोळा नाही

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

आषाढाच्या टपालात दरवर्षी सर्दी-ताप आणि पायांच्या चिखल्या असतात. यंदा मात्र झोपेची पत्रं जास्त आहेत, म्हणून हा अंक झोपेसाठीच ठेवला. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. मी एस.टी.तून चालक म्हणून निवृत्त झालो. वय ६१. निम्मी नोकरी वस्तीच्या गाडीवर आणि रातराणीवर गेली. आता देवगड तालुक्यात घरीच असतो, थोडी कलमं आहेत. रात्री नऊला अंथरुणाला पाठ टेकली की झोप लागते. दीडला टक्क जाग. घड्याळात बघतो तर दीड, फार तर पावणेदोन. मग चारपर्यंत डोक्यात चक्र चालू : कलमांवरचं कर्ज, मुलीचं लग्न, मुलाची मुंबईतली नोकरी. चारला कुठे डोळा लागतो, तो साडेपाचची पहिली गाडी वळणावर हॉर्न देते. ती गाडी मी कित्येक वर्षं चालवली आहे, त्यामुळे राग येत नाही, कूस बदलतो आणि साडेसहाला उठतो. दुपारी जेवून दीड तास पडतो. सौ. म्हणते, ‘तुमका कसलो तरी रोग झालो हा, डॉक्टरांका दाखवा.’ मुलाने मोबाईलवर पाठवलं की पूर्वी माणसं रात्री दोनदाच झोपायची, ते नैसर्गिक आहे. शेजाऱ्याने त्याच्यातली झोपेची अर्धी गोळी दिली. दोनतीनदा घेतली. झोप लागली, पण सकाळी डोकं जड. आता खरं काय मानायचं? हा रोग की जुनी रीत? आणि गोळी चालू करू का?
— एक निवृत्त चालक, ता. देवगड

उत्तर : तुम्ही वेळा अगदी डेपोत नोंदवाव्यात तशा लिहिल्या आहेत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. बहुतेक लोक ‘रात्रभर डोळ्याक डोळो लागलो नाय’ एवढंच सांगतात आणि बरोबर आलेली बायको मागून हळूच म्हणते, ‘घोरत होते.’

आधी हिशेब करू. नऊ ते दीड, साडेचार तास. चार ते साडेसहा, अडीच. हॉर्नची पाच-दहा मिनिटं सोडा. रात्रीचे झाले सात. दुपारचा दीड मिळवा, साडेआठ. मोठ्या माणसाला चोवीस तासांत साधारण ७ ते ९ तास झोप पुरते, पासष्टीनंतर ७ ते ८. म्हणजे झोप तुम्हाला कमी पडत नाही, किंबहुना भरपूर मिळते आहे. पण रात्री तुम्ही अंथरुणावर असता साडेनऊ तास. भाकरीचं पीठ तेवढंच आणि थापायची परातभर, मग ती मध्ये फाटणारच. तुमची फाटते दीड ते चारमध्ये.

ती दीडलाच का फाटते, तेही सांगते. आपली झोप सुमारे ९० मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये चालते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळेच जण क्षणभर जागे होतात. तरुणपणी ते सकाळी आठवतही नाही. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होते. दिवसभर जागं राहून मेंदूत जो झोपेचा दाब साठतो, तो या गाढ झोपेत उतरतो. तुमच्या बाबतीत आधी दुपारचा दीड तास त्या दाबाला चाट लावतो, मग नऊ ते दीडमध्ये उरलेला दाब बराचसा संपतो. वय वाढलं की गाढ झोप मुळातच कमी होते आणि शरीराचं घड्याळही थोडं अलीकडे सरकतं. त्यामुळे दीडच्या फेरीअखेर जी क्षणभराची जाग यायची, ती पूर्ण जाग होते. इथपर्यंत आजाराचा काही संबंध नाही.

संबंध सुरू होतो त्यानंतर. तुम्ही घड्याळ बघता. ‘आज पण दीड!’ म्हणता. साडेसहाला अजून पाच तास आहेत, त्यातले किती मिळणार, याचं गणित मांडता. गणित मांडणारा मेंदू झोपत नाही. मग कर्ज येतं, लग्न येतं, मुंबई येते. हे रोज त्याच अंथरुणावर, त्याच उशीवर होत गेलं की अंथरूण ही काळजी करण्याची जागा बनते. दिवसा खुर्चीत पेंगणारा माणूस अंथरुणावर पडला की लख्ख जागा होतो, तो यामुळेच.

आता मुलाने पाठवलेली गोष्ट. ती थाप नाही, पण अर्धी आहे. रॉजर ईकर्च या अमेरिकी इतिहासकारांनी जुन्या युरोपातल्या कोर्टातल्या जबान्या, रोजनिश्या असे कागद चाळून २००१ साली असं मांडलं की दिवाबत्ती स्वस्त होण्याआधी तिथली माणसं एक झोप काढून मध्यरात्रीच्या सुमाराला उठत, तासभर किंवा जास्त जागी राहत आणि मग दुसरी झोप काढत. मधल्या वेळात कोणी प्रार्थना करी, कोणी आग सारखी करी, नवरा-बायको बोलत बसत. त्याही आधी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, थॉमस वेअर या अमेरिकी संशोधकांनी धडधाकट तरुणांना महिनाभर रोज १४ तास अंधारात ठेवलं. पहिल्या रात्री त्यांनी भरपूर झोपून थकबाकी वसूल केली. पुढे झोप आठ तासांच्या आसपास स्थिरावली आणि तिचे दोन तुकडे पडले, मध्ये एक ते तीन तासांची जाग.

उरलेली अर्धी गोष्ट अशी. २०१५ साली टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने, अशा विजेशिवाय राहणाऱ्या तीन समाजांतल्या लोकांची झोप मनगटाला यंत्र बांधून मोजली गेली. ते अंधार पडताच झोपत नव्हते. सूर्य मावळल्यावर सरासरी तीन तासांहून थोड्या अधिक वेळाने झोपत, रात्रीतून पावणेसहा ते सात तास झोपत, आणि मधली लांबलचक जाग ही त्यांची नेहमीची रीत नव्हती. मला यात रात्रीच्या लांबीचा हिशेब दिसतो. लंडनची हिवाळ्यातली रात्र १६ तासांची. एवढ्या रात्रीत झोप पसरणार आणि तिला मध्ये भोक पडणार. आपली पौषातली मोठ्यात मोठी रात्रही १३ तासांच्या आसपासच. तेव्हा ‘पूर्वी सगळे दोनदाच झोपायचे’ हे कोकणाला जसंच्या तसं लावू नका. मात्र एकसलग आठ तास झोपलो तरच निरोगी, हाही काही निसर्गाचा नियम नाही. जत्रेला दशावतार बघायला गेलेली आपली माणसं काय करायची? आख्यान रंगेपर्यंत ‘राकस इलो की माका उठव’ म्हणून शेजारणीला सांगून गोणपाटावर आडवी व्हायची, मृदंग आणि झांज कडाडली की उठून बसायची आणि उजाडता दहीकालो घेऊन घरी जाऊन पुन्हा झोपायची. त्यावरून कोणी स्वतःला रोगी समजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

म्हणून मी रोग कशाला म्हणते ते सांगते. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा जास्त काळ झोपेचा त्रास, झोपायला पुरेसा वेळ असूनही, आणि त्यामुळे दिवस बिघडतो : चिडचिड, विसरभोळेपणा, कामात लक्ष नाही. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. तुमच्या पत्रात दिवसाबद्दल एक ओळ नाही. कलमांत काम होतं का? दुपारी पेंग अनावर होते म्हणून पडता, की निवृत्तीनंतर दुपारचं दुसरं काही उरलं नाही म्हणून? याचं उत्तर स्वतःला द्या. दिवस चांगला जात असेल तर तुम्हाला दोन तुकड्यांची झोप आहे, निद्रानाश नाही. सौ.ना तसं सांगा.

ती मधली जाग नकोच असेल, तर उपाय आहे आणि तो गोळीपेक्षा टिकतो. झोपेला मिळते तेवढीच जागा द्यायची. रात्री अकराआधी अंथरुणावर जायचं नाही, सकाळी सहाला उठायचं, झोप कशीही झाली असली तरी, रविवार असो की संकष्टी. दुपारची झोप बंद. अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आत, वीस मिनिटं, तीही खुर्चीत. पहिला आठवडा वाईट जाईल. रात्री नऊ ते अकरा डोळे मिटतील, तेव्हा पडवीत उभे राहा, उद्याची भाजी निवडा, बातम्या उभ्याने बघा. त्या दिवसांत दुचाकी किंवा कोणाचा टेम्पो हातात घेऊ नका. तुमचा हात कितीही पक्का असला तरी पेंगणाऱ्या चालकाचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. दोनतीन आठवड्यांत मधली जाग आक्रसली की झोपायची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे घ्या. ज्यांना फिट येतात किंवा ज्यांना उन्माद-नैराश्याचा आजार आहे, त्यांनी मात्र हा प्रयोग घरच्या घरी करू नये. झोप तोडल्याने दोन्ही उसळतात.

आणि दीडला जाग आलीच तर? घड्याळ भिंतीवरून काढा किंवा उलटं करा, मोबाईल माजघरात ठेवा. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (मोजायचं नाही, वाटलं एवढंच) आणि झोप येत नसली तर अंथरूण सोडा. ओटीवर मंद पिवळ्या दिव्यात बसा. काहीतरी कंटाळवाणं करा : जुना अंक वाचा, सुतळीचा गुंता सोडवा, नामस्मरण करा. चहा नको, तंबाखू तर नकोच, निकोटिन जागं ठेवतं. डोळे जड झाले की परत जा. पुन्हा जाग आली तर पुन्हा उठा. अंथरूण फक्त झोपण्यासाठी, हे शरीराला अशानेच पुन्हा कळतं. एक सूचना डॉक्टर म्हणून नाही, कोकणातली बाई म्हणून : त्या वेळेला खळ्यात फेऱ्या मारायच्या असतील तर बॅटरी आणि पायात बूट. पावसात फुरसं रात्रीचंच फिरतं आणि तेही पायवाटेच्या कडेलाच.

कर्ज आणि लग्न या खऱ्या काळज्या आहेत, त्या ‘विचार करू नका’ म्हणून जात नाहीत. पण त्यांना रात्रीची वेळ देऊ नका. संध्याकाळी सहाला वहीत दोन रकाने करा : काळजी, आणि तिच्यावर उद्या करायचं एक काम. ‘बँकेत जाऊन हप्त्याचं विचारणे’ असं. दीडला ती काळजी आली की तिला सांगता येतं, तुझी नोंद झाली आहे.

गोळीबद्दल थोडक्यात. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्याला परत द्या. या प्रकारच्या बऱ्याच गोळ्या एच-वन यादीत आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला वेगळी नोंद ठेवावी लागते. ते उगाच नाही. साठीनंतर त्यांनी पाय लटपटतो, रात्री लघवीला उठताना पडायला होतं, आठवण बोथट होते, आणि काही आठवड्यांत त्याच गोळीचा असर उतरतो. तुम्ही दोनतीनदाच घेतली आहे, सोडून द्या. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणी महिनोन्‌महिने रोज घेत असेल, तर आज वाचून आजच बंद करू नका. एकदम सोडल्यास झोप आणखी उडते, कधी फिटही येते. डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या. मी वर सांगितलेली पद्धत ही काही माझी घरगुती युक्ती नव्हे. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नव्हे तर अशी वर्तनोपचाराची पद्धत, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनेही २०१६ साली सांगितलं आहे.

शेवटी तीन प्रश्न, त्यांची उत्तरं घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा. एक, सौ.ना विचारा की तुम्ही मोठ्याने घोरता का आणि घोरता घोरता श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा सुटतो का. तसं असेल तर हा स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्याने रक्तदाब चढतो, आणि त्यात झोपेची गोळी धोक्याची. दुसरा, दीडला लघवीमुळे जाग येते, की जाग आली म्हणून लघवीला जाता? लघवीच उठवत असेल आणि रात्रीतून दोनतीनदा उठवत असेल तर साखर आणि प्रोस्टेट तपासा. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तिसरा प्रश्न पुरुष टाळतात, म्हणून स्पष्ट विचारते : पहाटे जाग आल्यावर सगळं संपल्यासारखं, जगण्यात अर्थ नसल्यासारखं वाटतं का? निवृत्तीनंतर असं होतं आणि त्यावर उपचार आहे. डॉक्टर लांब असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझे मिस्टर ट्रॉलरवर जातात. हंगामात ते रात्री दोनला निघतात, कधी तीनला. मी उठून भाकरी-कालवण करून डबा देते. मग झोप लागत नाही, मोबाईल बघत पडते. सहाला मुलांची शाळा. आता पावसाळ्यातली मासेमारीबंदी आहे, मिस्टर शेजारी घोरत पडलेले असतात, तरी मला दोनला जाग येते. वय ३६. डोळ्यांखाली काळं झालंय, दिवसभर मुलांवर ओरडते.
— एक गृहिणी, मालवण

उत्तर : बंदीतही दोनला जाग येते, यातच निदान आहे. शरीराने ती वेळ शिकून घेतली आहे. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने म्हणजे तुमची शिकलेली वेळ पुसायची संधी आहे, ती वाया घालवू नका. वरच्या चालकांना सांगितलेला उपाय तुम्हालाही लागू आहे, फक्त तुमच्या वेळा वेगळ्या : साडेदहाला झोपा, पावणेसहाला उठा, दोनला जाग आलीच तर मोबाईलला हात नाही.

हंगामाचं वेगळं. समुद्राची भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, बोटीच्या वेळा तिच्यावर, वाऱ्यावर आणि मासळीवर. तुमच्या शरीराचं घड्याळ मात्र उजेडाला बांधलेलं आहे, ते भरतीमागे धावत नाही. त्यामुळे हंगामात तुमची झोप दोन तुकड्यांत होणार, हे धरूनच चाला. तिथे एकसलग झोपेचा हट्ट धरलात तर रोज हरल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा तुकडे नीट बेता. पहिला तुकडा पक्का : मुलांबरोबर साडेनऊला झोपायचं, मालिका सोडायची. दुसरा तुकडा वाचवायचा असेल तर मधली जाग छोटी करा. तुम्ही दोनला गॅस पेटवता, पीठ मळता, ट्यूबलाईट लावता, तासभर हात चालतो. एवढ्यावर शरीराला वाटणारच की सकाळ झाली. डबा रात्री झोपण्याआधी भरून ठेवा. आणि एक विचारते, राग मानू नका : बोटीवर चहा आणि जेवण कोण करतं? पुरुषच ना? मग निघताना स्वतःचा चहा स्वतः करून, भरलेला डबा उचलून, दार ओढून घेऊन जाता येईल. तुम्ही उठलात तर ‘जपून जा’ म्हणायला उठा आणि परत पडा.

बोट परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, ते मला कळतं. इतकी वर्षं बंदराजवळ दवाखाना आहे माझा. पण वाऱ्याचा अंदाज रात्री तीनला दहा वेळा उघडून बघितल्याने वारा पडत नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून एकदा बघा, जायचं की नाही ते तेव्हाच ठरवा. रेंज आली की एक फोन करायचा, एवढं मिस्टरांकडून कबूल करून घ्या.

दुपारी मुलं घरी यायच्या आधी वीस-तीस मिनिटं झोपा. तुम्हाला ती मुभा आहे, वरच्या काकांना नाही. आणि रक्त तपासा. तुमच्या वयाच्या बऱ्याच बायकांत लोह कमी असतं, त्याने थकवा येतो. रात्री पायांत वळवळल्यासारखं होऊन पाय हलवल्याशिवाय राहवत नसेल, तर तेही लोहाच्या कमतरतेने असू शकतं. ओरडणं त्या थकव्याचं आहे, तुमच्या स्वभावाचं नव्हे.

प्रश्न : झोप यावी म्हणून रात्री दोन पेग घेतो, काजूच्या हंगामात हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू). लगेच झोप लागते पण तीनला जाग येते, घाम येतो. बायको म्हणते त्यापेक्षा दुधात जायफळ घ्या. जायफळाने खरंच झोप येते का, आणि किती घ्यावं? वय ४४, हॉटेल चालवतो.
— वेंगुर्ले

उत्तर : बायकोचं ऐका, पण जायफळासाठी नव्हे, पेग सोडण्यासाठी. दारू झोप लवकर आणते आणि उत्तररात्रीची मोडते. ती शरीरातून उतरू लागली की छाती धडधडते, घाम येतो, लघवी लागते, आणि स्वप्नांची झोप जी पहाटेकडे जास्त असते तीच तुटते. तुमचं तीन वाजणं म्हणजे हिशेबाने दोन पेग उतरण्याची वेळ. हुर्राक फळाचं म्हणून सौम्य, हा समज खोटा, त्यातही तेच अल्कोहोल. शिवाय दारूने घसा सैल पडतो आणि घोरणं वाढतं. रोज घेत असाल आणि न घेतल्यास हात थरथरत असतील तर एकदम सोडू नका, येऊन भेटा.

जायफळ आपल्याच बागांतलं. दुधात दोन-चार वेळा उगाळलेलं चिमूटभर जायफळ कोणाला बाधत नाही. त्यातला किती गुण जायफळाचा आणि किती कोमट दुधाचा, रोज त्याच वेळेला शांत बसण्याचा, यावर मी पैज लावणार नाही. मात्र ‘चिमटीने येते तर चमचाभराने जास्त येईल’ असं करू नका. जास्त जायफळाने तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, भ्रमही होतो, आणि ते उतरायला बराच वेळ लागतो. संध्याकाळच्या चहाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण हॉटेल चालवता म्हणजे कप मोजत नसणार. प्यालेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं. दुपारी तीननंतर चहा बंद करून बघा, जायफळापेक्षा स्वस्त पडेल.

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. संध्याकाळी साडेसातला जेवून झोपतात, दोनला उठून आंघोळ, जप, फुलं. आम्ही समजावलं तर म्हणतात, मी आयुष्यभर अशीच उठते. ते ठीक. पण गेल्या महिन्यापासून कधीतरी रात्री डबा शोधतात, मुलाला शाळेत पाठवायचंय म्हणतात. मुलगा म्हणजे माझे मिस्टर, वय ५२. सकाळी विचारलं तर त्यांना आठवत नाही. झोपेची गोळी देऊ का, म्हणजे रात्रभर झोपतील?
— गुहागर

उत्तर : दोनला उठून जप करतात ते करू द्या. साडेसातला झोपलेलं माणूस दोनला उठतं, त्यात साडेसहा तास झाले. हवं तर संध्याकाळी त्यांना ओटीवर बसवा, गप्पा मारा, नऊपर्यंत जागं ठेवा. सकाळचं ऊन अंगावर घेऊ द्या. न्हाणीघरापर्यंत मंद दिवा आणि धरायला दांडी लावा, ओल्या फरशीवर पोतं टाका.

डबा शोधणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी थांबू नका. महिन्याभरात नवीन सुरू झालेला गोंधळ म्हणजे झोपेचा प्रश्न नव्हे, तो मेंदूपर्यंत पोचलेला दुसरा कसला तरी त्रास आहे. बरेचदा तो साधा निघतो. लघवीत जंतू, रक्तात सोडियम कमी (रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पावसाळ्यात-उन्हाळ्यात कधीही होतं), थायरॉइड, बी-१२. किंवा सर्दीसाठी कोणी दिलेली, सुस्ती आणणारी गोळी; म्हाताऱ्या माणसाला तिने भ्रम होतो. तोल जाणं, एक हात-पाय कमजोर, बोलणं जड, ताप, किंवा दिवसभर गुंगी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे सगळं तपासून काही निघालं नाही तर स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे का ते बघावं लागेल, आणि तेही लवकर कळलेलं बरं.

झोपेची गोळी आता अजिबात नको. तिने गोंधळ वाढेल, आणि त्या पडल्या तर खुब्याचं हाड मोडेल. डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या : चालू असलेली, बंद केलेली, शेजारणीने दिलेली, काढ्याची बाटली आणि चूर्णसुद्धा. रात्री काय काय बोलल्या ते तारखेनिशी कागदावर लिहून ठेवा, आणि ते सांगताना त्यांना बाहेर बसवू नका, समोरच बसू द्या.